फडक्यात अडकलेली दीर्घिका

भूमला जाताना माझ्या नावावर एक शोध होता. परत येताना नव्हता. मधल्या चार दिवसांत काय झालं ते लिहून काढतोय, कारण ते लिहिणं मला भाग आहे. कुणी भाग पाडलं, ते ओघात येईलच.

आधी शोधाबद्दल. मी पुण्यातल्या एका संस्थेत दीर्घिकांचा अभ्यास करतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकेक संसार, आणि बहुतेक मोठ्या संसारांच्या मधोमध एक कृष्णविवर बसलेलं असतं. त्यात पडलेली वस्तू परत येत नाही, पण पडण्याआधी ती गरगर फिरते, तापते आणि इतकी झळाळते की शेजारचं काही धड दिसत नाही. तारा जन्मायचा तर वायू थंड लागतो. तापलेला वायू पसरतो, थंड झालेला गोळा होतो, आणि पुरेसा गोळा झाला की आत तारा पेटतो. या विवराच्या अगदी शेजारी थंड वायू टिकतच नाही, म्हणून तिथं तारे जन्मत नाहीत, असं मी वीस वर्षं सांगत आलो. तेवीस दीर्घिका तपासून सांगत आलो. त्या एका वाक्यावर मला बढती मिळाली, परदेशात भाषणं मिळाली, आणि काचेचं एक कपाट भरेल इतकी स्मृतिचिन्हं मिळाली. बायको ती पुसत नाही, हा भाग वेगळा.

मनीषा माझी विद्यार्थिनी. भूमची. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोमवारच्या बैठकीत, आठ जणांसमोर, तिनं एक आलेख दाखवला. एका दीर्घिकेत, विवराच्या अगदी लगत, थंड वायूची खूण असलेला बारीकसा उंचवटा होता. आणि त्याच जागी नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचा उजेड. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘मनीषा, हा ताऱ्यांचा जन्म नाही. ही तुझी प्रबंध संपवायची घाई आहे.’ सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. महिना संपताच ती अर्धा प्रबंध टाकून निघून गेली.

गेल्या महिन्यात आमचा संगणक बदलला. कृष्णविवराच्या झगमगाटामुळे मोजमापात जो कचरा येतो तो काढून टाकायला मी फार पूर्वी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्याला आम्ही सगळे ‘गाळणी’ म्हणतो. सामान हलवताना तो मागेच राहिला, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आधी मनीषाचीच दीर्घिका न गाळता पडद्यावर आली. त्याच जागी तोच उंचवटा. हातातल्या चहावर साय धरली तरी मी खुर्चीतून हललो नव्हतो. तीनदा तपासलं. ती बरोबर होती.

तिच्या प्रबंधाची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. मुदत टळली की पाच वर्षांचं काम पाण्यात. तिचा जुना फोन बंद होता. ती तेरच्या एका शाळेत शिकवते, एवढं तिच्या मैत्रिणीकडून कळलं, आणि मी निघालो. गाडीत बसल्या बसल्या वाक्य तयार केलं: ‘मनीषा, तू बरोबर होतीस, आणि हे सांगायला मी स्वतः आलोय.’ त्यातला ‘स्वतः’ मला फार आवडला होता.

शुक्रवार, तामलवाडी

सोलापूरहून निघालेल्या बसमध्ये आम्ही मोजून सात माणसं. एवढी रिकामी एसटी मी जन्मात पाहिली नव्हती. तामलवाडी मागं टाकली आणि मागचं टायर बसलं. चालक खाली उतरला, टायरकडे ओझरतं बघून शेताकडे वळला आणि म्हणाला, ‘चला सगळे. आज येळवस हाय. टायर काय पळून जात न्हाय.’

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्याकडे अमावास्येला लोक नवी गाडी घरी आणत नाहीत, आणि इथं त्याच दिवशी गावंच्या गावं कुलूप लावून शेतात जेवायला जातात. शाळा बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, हा नियम. चालक-वाहकासह आम्ही नऊ जण बळीरामतात्या नावाच्या अनोळखी माणसाच्या ज्वारीत जाऊन बसलो, आणि तात्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते. ते पांडव. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं आंबिलीचं मडकं. भर उन्हात ठेवलेलं, पण आतली ताक-ज्वारीची आंबील अशी गार की दात शिवशिवले.

मग आली भज्जी. नावावरून मी कांदाभजी समजलो होतो. निघाली ती शेंगा, घाटे, बोरं, पालेभाज्या आणि बेसन यांची एकत्र शिजवलेली घट्टसर भाजी. तिच्यासोबत बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे. पहिल्या घासाला तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं. तात्यांच्या मालकीणबाईंना वाटलं मला घरची आठवण आली, म्हणून त्यांनी आणखी वाढलं.

‘पाव्हणं, तुमी काय करता?’ तात्यांनी विचारलं.

पोट भरलं की मला व्याख्यान सुचतं. मी सगळं सांगितलं: कृष्णविवर, झगमगाट, थंड वायू.

‘म्हंजी त्येच्या शेजारी काय बी उगवत न्हाय?’

‘काही नाही.’

‘बघून आलाव?’

‘तिथं जाता येत नाही, तात्या. उजेडावरून कळतं.’

ऊन कलंडलं होतं. तात्यांनी पश्चिमेकडे बोट केलं. ‘त्या बांधावर, बराबर सूर्याखाली, कुणी बसलंय. बाई हाय का गडी, सांगा.’

मी बघितलं. डोळ्यांपुढे नुसते काजवे चमकले. म्हणून सूर्य झाकायला मी तळहात आडवा धरला.

‘कोण हाय?’

‘कुणी दिसत नाही.’

‘कसं दिसंल? हातच ठिवलाय की तुमी तिच्यावर.’ सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. बांधावर तात्यांची आई होती, आणि एवढ्या वेळात तिनं माझ्यासाठी पदरभर बोरं वेचली होती. ती घ्यायला उठताना मी नेमका बोरीच्या काट्यांवर हात टेकला. पुढचा सगळा प्रवास मी तळहात फुंकत केला, पण तात्यांचं बोलणं काही मनाला टोचलं नाही.

शनिवार, तेर

तेर फार जुनं गाव. तेरणेच्या काठच्या या गावाखाली आणखी एक गाव, त्याच्याखाली आणखी एक. पाऊस पडून गेला की शेतात जुने मणी वर येतात, असं रिक्षावाल्यानं पानाचं दुकान दाखवावं इतक्या सहज सांगितलं. पुण्यात कुणाच्या अंगणात एक मणी निघाला असता तर आम्ही वर्षभर चर्चासत्रं घेतली असती.

सकाळची शाळा होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग सांगितलं, ‘मॅडम तर दिवाळीलाच गेल्या हो. त्यांच्या आईचा हात भाजला. भूमला खव्याची भट्टी आहे ना घरची, ती कोण बघणार?’

दिवाळी होऊन किती आठवडे उलटले होते! मी मुदतीचे दिवस बोटांवर मोजायला लागलो. बाईंना वाटलं मला बरं वाटत नाहीये.

‘तुम्ही त्यांचे कोण?’

‘मी त्यांचा... मी पुण्याहून आलोय. त्यांचा सर.’

बाई ताडकन उभ्या राहिल्या. ‘अगं बाई! ते सर तुम्ही! या, या, तुम्हाला वर्ग दाखवते.’

सातवीच्या वर्गाची मागची भिंत बघून मी दारातच थबकलो. मुलांनी भिंतभर दीर्घिका रंगवली होती. माझीच. गेली वीस वर्षं मी तिचे बाहू बघत आलोय, मी तिला अंधारातही ओळखेन. पण माझ्या प्रत्येक चित्रात जिथं मध्याभोवती मोकळं कडं असतं, तिथं मुलांनी गुलाबी ठिपके काढले होते, दाटीवाटीनं.

‘मॅडम सांगायच्या,’ बाई कौतुकानं म्हणाल्या, ‘माझे सर फार मोठे आहेत, ते म्हणतात इथं काही नाही. पण मोठ्या माणसानं सांगितलं तरी आपण बघितल्याशिवाय मानायचं नाही. मग मुलांनी मतदान घेतलं आणि ठिपके काढले.’

‘मतदान?’

‘हो ना. बहुमतानं ठिपके.’

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या मागं, परक्या गावात, बारा वर्षांच्या मुलांसमोर ती मला ‘माझे सर’ म्हणत होती, आणि मी तिला आठ जणांसमोर काय म्हणालो होतो! धाराशिवला बस बदलून मी भूमची गाडी धरली. बालाघाटचे उघडे डोंगर खिडकीतून सरकत होते, पण मला एकसारखे ते ठिपके दिसत होते. भूमला पोचेपर्यंत दिवे लागले होते. लॉजवर उतरलो, न जेवता झोपलो.

रविवार, भूम

खव्याची भट्टी शोधायला पत्ता लागत नाही, धूर पुरतो. गावाबाहेर पत्र्याची लांब शेड, खाली मोठमोठ्या लोखंडी कढया, आणि दारात कॅन घेऊन आलेल्या माणसांची रांग. पुण्यात पिशवी फोडली की दूध मिळतं, ते कुठून आलं हे मी कधी विचारलं नव्हतं. इथं प्रत्येकाच्या दुधाला म्हशीचं नाव होतं.

रांगेच्या तोंडाशी एक बाई उभी होती, उजव्या हाताला भाजल्याचे डाग. ही मनीषाची आई, हिराबाई. माणूस पुढं आला की ती पातेल्याच्या तोंडावर पांढरं फडकं धरायची, तो दूध ओतायचा. यात विशेष काही नाही, आमच्याकडेही दूध गाळतात. पण प्रत्येकाचं दूध गाळून झालं की ती फडकं उजेडाकडे धरून नीट बघायची, मगच गरम पाण्यात खळबळून पुढच्याला हाक मारायची. एकाच्या वेळी तिनं बघितलं, फडकं गपकन मुठीत मिटलं आणि म्हणाली, ‘भाऊ, जरा हिकडं या.’ दोघं शेडमागं गेले. माणूस पडलेल्या तोंडानं परत आला, आपला कॅन उचलून चालता झाला. रांगेतल्या कुणी एक शब्द विचारला नाही.

मी कोण हे न सांगताच विचारलं, ‘काय झालं हो?’

‘फडक्यात गुठळी निघाली. म्हशीच्या कासंला दगडी धरायली. दूध वरून पांढरंशुभ्र दिसतं, पर आजार फडक्यात कळतो. आज दवा केली तर म्हैस वाचती.’

‘मग त्याला इथंच का नाही सांगितलं?’

‘चारचौघांत सांगितलं की माणूस म्हशीला न्हाय बघत, फडक्याला नावं ठिवतो. उद्यापासून दूध दुसरीकडं घालतो. आन् म्हैस मरती.’

आठवण जुनी होती, पण ती अशी समोर येऊन उभी राहील असं वाटलं नव्हतं. मनीषाचा आमच्याकडचा पहिला दिवस. मी तिला गाळणी समजावून सांगत होतो, झगमगाटाचा कचरा कसा वेगळा निघतो ते. तिनं वहीतून मान वर करून विचारलं होतं, ‘सर, मग फडकं कोण बघतं?’ आम्ही सगळे हसलो होतो. गावाकडची मुलगी, काहीतरी म्हणते, असं मनाशी म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो होतो. फडकं कुणीच बघत नव्हतं. वीस वर्षांत एकदाही नाही.

तेवढ्यात मनीषा कढईपासून उठली. हातात लांब दांड्याचं उलथणं, केस धुरानं विस्कटलेले. मला बघून तिचं उलथणं हवेतच राहिलं.

‘सर? तुम्ही?’

मी तयार केलेलं वाक्य म्हटलं. ‘स्वतः’सकट.

‘माहिताय, सर,’ ती म्हणाली. ‘बसा. आई, हे आमचे सर. पुण्याचे.’

हिराबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘व्हय का. जेवल्याबिगर जायचं न्हाय.’ त्या बघण्यात त्यांना सगळं माहीत असल्याचं मला कळलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि कढईतून नुकताच काढलेला, अजून वाफाळणारा खवा. असा खवा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. तरी माझं लक्ष त्यात नव्हतं. मी बोलत सुटलो होतो: मुदत, अर्ज, तुझं नाव पहिलं, माझं दुसरं, तू फक्त चल. मनीषा मान खाली घालून जेवत होती. हात धुवून झाल्यावर ती म्हणाली, ‘सर, जरा इकडं या.’

तिच्या आईनं सकाळी त्या माणसाला हाक मारली होती त्याच आवाजात. मी तिच्यामागोमाग निघालो.

गोठ्यामागं लिंबाचं झाड होतं, खाली दगड. तिनं जुना लॅपटॉप मांडीवर घेतला. पहिली दीर्घिका मला माहीत होती, तोच उंचवटा. मग तिनं दुसरी उघडली. हीसुद्धा माझ्या तेवीसांतली, पण गाळणी न लावलेली. विवराच्या लगत उंचवटा. तिसरी. चौथीत काही नव्हतं, मी श्वास सोडला. पाचवीत होता, सहावीत होता. सातवीत नव्हता.

‘सातांपैकी पाचांत आहे, सर. पाचांतही त्याच जागी नवे तारे आहेत. ती चित्रं दुसऱ्या दुर्बिणीची आहेत. तिथं आपला काही हात लागलेला नाही.’

मी आधी चिडलो. हे लिहायला लाज वाटते, पण चिडलो. ‘ही मोजमापं तुला दिली कुणी? संस्थेतून बाहेर नेलीस?’

‘खुली आहेत, सर. वर्ष उलटलं की सगळ्या जगाला मिळतात. कुणी उघडत नाही एवढंच.’

‘असं होऊच शकत नाही! तिथं एवढी उष्णता असताना वायू थंड राहील कसा?’

‘धूळ असते त्याच्याभोवती, जाड. बाहेरचा थर सगळं सोसतो, आत गारच राहतं. येळवशीचं आंबिलीचं मडकं बघितलंय का तुम्ही कधी?’

दोन दिवसांपूर्वी बघितलं होतं. दात शिवशिवेपर्यंत प्यालो होतो. मी त्या दगडावर मटकन बसलो. बोरीच्या काट्यांनी सोललेला तळहात मांडीवर पडला होता, आणि त्याच्याकडे बघताना तात्यांचा बांध डोळ्यांसमोर आला. हातच ठिवलाय की तुमी तिच्यावर. झगमगाट झाकायला मी हात धरला होता, आणि हाताआड काही दिसत नाही म्हणून तिथं काही नाही असं साऱ्या जगाला सांगत सुटलो होतो. मीच गाळलं, मीच फेकलं, आणि मीच म्हणालो की दूध नितळ आहे. एका दीर्घिकेची चूक उदार मनानं कबूल करायला आलो होतो. इथं वीस वर्षं मातीत गेली होती. गोठ्यातली म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती, आणि तिची नजरसुद्धा मला सहन होईना.

‘दोन वर्षं तुला माहीत होतं?’

‘एकाचं माहीत होतं तेव्हाच बोलले. बाकीच्या सहा नंतर बघितल्या, तेरला असताना.’

‘मग मला कळवलं का नाहीस? एक मेल टाकली असतीस!’

‘तीनदा लिहिली, सर. पाठवली नाही.’ तिनं लॅपटॉप मिटला. ‘मी पहिल्यांदा आठ जणांसमोर बोलले. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती मलाच रागावली. म्हणाली, इतकी वर्षं भट्टीवर काढलीस आणि चारचौघांत फडकं दाखवलंस? मग ठरवलं, परत सांगीन तर एकट्याला, समोरासमोर. पण तुम्ही याल असं काही वाटत नव्हतं.’

मी तिची माफी मागितली. नीट मागता आली नाही, त त प प झालं. मी तिला घाई म्हणालो होतो, तिच्या आईच्या कामाला हसलो होतो, हे दोन्ही बोललो. ती रडली नाही. मीच डोळे पुसले. ती उठून कढईकडे गेली, कारण खव्याला थांबता येत नाही.

सोमवार

रात्रभर विचार करून मी एक मार्ग काढला होता, आणि तो चांगलाच सोयीचा होता. मनीषाचा प्रबंध एका दीर्घिकेवर पूर्ण करायचा. बाकीच्यांचं हळूहळू बघू. तीन वर्षांनी मी निवृत्त होतोय, तोवर कपाट शाबूत राहील. सकाळी सातला भट्टीवर पोचलो ते हे तिला सांगायलाच.

रांग लागली होती. हिराबाईंचे यजमान गोठ्यातून घरच्या म्हशीचं दूध घेऊन आले, तेही रांगेतच उभे राहिले. त्यांची पाळी आली. दूध ओतलं, हिराबाईंनी फडकं उजेडाकडे धरलं आणि त्या थांबल्या. मला वाटलं आता मुठीत मिटतील, नवऱ्याला शेडमागं नेतील.

त्यांनी फडकं दोन्ही हातांनी ताणलं आणि रांगेकडे वळवलं.

‘बघा रे समद्यांनी. आमच्या म्हशीला दगडी धरली. ह्ये दूध आज कढईत जाणार न्हाय.’

रांगेतला प्रत्येक जण वाकून बघून गेला. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं दवा सुचवली. फडक्याच्या मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढी पिवळसर गुठळी होती.

‘काल तर तुम्ही म्हणालात, चारचौघांत सांगायचं नाही,’ मी म्हटलं.

‘दुसऱ्याची, सर. दुसऱ्याची गुठळी आडोशाला सांगायची. आपली असंल तर समद्यांना दाखवायची. न्हायतर उद्या ह्या फडक्यावर इस्वास कोण ठिवल?’

त्या मला उद्देशून बोलल्या नव्हत्या, निदान तसं दाखवलं तरी नव्हतं. फडकं उकळत्या पाण्यात टाकून त्यांनी पुढच्याला हाक मारली. माझा सोयीचा मार्ग मला इतका किळसवाणा वाटला की तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता हेच नशीब.

अकराला आमची बैठक असते. भट्टीवर फोन लागतो तो फक्त शेडला लागून असलेल्या घराच्या गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला पाठ लावली तर. मी तिथं बसलो, शेजारी मनीषा लॅपटॉप घेऊन. फोनच्या पडद्यावर आठ चेहरे उमटले. मागं टाकी, खाली धूर, आणि तीन दिवस दाढी न केलेला मी. कुणीतरी विचारलं, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’

‘तब्येत बरी आहे. काम बरं नाही,’ मी म्हटलं. ‘नीट बघा. हे माझं आहे.’

मनीषानं सातही दीर्घिका एकेक करून दाखवल्या. मी प्रत्येकीबरोबर सांगत गेलो: इथं थंड वायू आहे, इथं तारे जन्मतायत, आणि हे तुम्हाला दिसलं नाही कारण मी लिहिलेली गाळणी ते फेकत होती आणि फेकलेलं मी कधी बघितलं नाही. दोन वर्षांपूर्वी मनीषानं बघितलं. तेव्हा मी हसलो, म्हणून तुम्ही हसलात. छापलेलं सगळं मी जाहीरपणे मागं घेणार आहे. तुमच्यापैकी कुणाचा प्रबंध त्यावर उभा असेल तर तो आपण पुन्हा तपासू, आधी माझ्या पैशानं चहा पिऊन.

चहाच्या विनोदाला कुणी हसलं नाही. मग कोपऱ्यातला एक जण, दोन वर्षांपूर्वी माझ्याखालोखाल मोठ्यानं हसलेला, म्हणाला, ‘सॉरी, मनीषा.’ तिनं नुसती मान हलवली.

प्रबंधाचं मी विचारलंच. ती म्हणाली, मुदतीच्या आत देते, पण पुण्याला येऊन नाही, इथं राहून. सकाळी दूध, दुपारी दीर्घिका. आणि प्रबंधाचं पहिलं प्रकरण गाळणीवर असेल. मी कबूल झालो. खालून हिराबाईंनी आवाज दिला, ‘झालं का गं? खवा लागंल खाली!’

‘पाच मिनिटं, आई!’ ती ओरडली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवून तिनं विचारलं, ‘पुढची उघडू का, सर?’

इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं नसतं.

‘उघड,’ मी म्हटलं. अजून सोळा राहिल्या होत्या.